ग्रबिच, गृबिच की गर्बिच? एका सर्बियन प्रशिक्षकाची कारकीर्द लिहून काढताना

आमच्या तालुक्यातील व्हॉलीबॉल मंडळ दर काही वर्षांनी स्मरणिका काढते. यंदा संपादक मंडळाने माझ्याकडे परदेशी प्रशिक्षकावरचा लेख सोपवला, तेव्हा हे काम आठवडाभरात उरकेल असे मी गृहीत धरले होते. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, विद्यापीठाच्या संघाकडून चार वर्षे सेटर म्हणून, म्हणजे फटका मारणाऱ्यासाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू म्हणून, खेळलो आहे, आणि खेळाविषयी थोडेफार लिहिण्याची सवयही आहे. प्रत्यक्षात त्या आठ पानांच्या लेखाला अकरा आठवडे लागले, आणि शेवटी छापून आलेला मजकूर मी पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या मजकुराशी जवळपास कोणतेही नाते सांगत नव्हता. हे सगळे कसे घडत गेले ते इथे नोंदवतो आहे.

सर्बियन प्रशिक्षक निवडायचा हे आधीच ठरले होते. त्यामागे एक साधे कारण होते. द्रागान मिहायलोविच या सर्बियन प्रशिक्षकाने भारतीय पुरुष संघाला मार्गदर्शन केले असल्याने आमच्या मंडळातल्या जुन्या खेळाडूंना ‘सर्बियाचे कोच’ हे शब्द ओळखीचे होते. पण लेख एका माणसावर हवा होता आणि सर्बियाने जगाला दिलेल्या प्रशिक्षकांची यादी काढू लागलो तर ती संपेना. झोरान तेर्झिच यांनी २००२पासून जवळपास दोन दशके सर्बियाच्या महिला संघाची सूत्रे सांभाळली, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक आणि २०१८मध्ये जगज्जेतेपद मिळवून दिले. इगोर कोलाकोविच आणि स्लोबोदान कोवाच हे दोघेही वेगवेगळ्या काळात इराणच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक होते. आशियाई स्पर्धांमध्ये इराणने २०१४मध्ये कोवाच यांच्या आणि २०१८मध्ये कोलाकोविच यांच्या हाताखाली सुवर्णपदक जिंकले. या तिघांपैकी कोणावरही लेख झाला असता. मी निकोला ग्रबिच निवडला याचे कारण क्रीडाविषयक कमी आणि वैयक्तिक जास्त होते, हे कबूल केले पाहिजे: तो सेटर होता. आमच्याकडे जुनी माणसे सेटरला अजूनही ‘बूस्टर’ म्हणतात, आणि बूस्टरला स्वतःच्या जातीच्या माणसाविषयी लिहायला मिळाले तर तो दुसऱ्या कोणाकडे वळून बघत नाही.

पहिला अडथळा नावातच होता. सर्बियन भाषा सिरिलिक आणि लॅटिन अशा दोन्ही लिप्यांत लिहितात, आणि या आडनावाच्या पहिल्या अवयवात आपण ज्याला स्वर म्हणतो तो नाहीच. तिथे ‘र’ हाच स्वराचे काम करतो. त्यांच्या देशाचे त्यांच्या भाषेतील नावही असेच आहे, ‘सृबिया’सारखे काहीतरी. हे कळले तेव्हा मला क्षणभर अतिशय आनंद झाला, कारण जगातल्या बहुतेक लिप्यांना न जमणारी ही गोष्ट देवनागरीत फार पूर्वीपासून आहे: ऋकार. म्हणजे ‘गृबिच’ असे लिहिले की प्रश्न मिटला. पण मिटला नाही, कारण मराठी माणूस ‘गृह’ हा शब्द ‘ग्रुह’ असा उच्चारतो आणि माझा नायक ‘ग्रुबिच’ होऊन बसला असता. ‘गर्बिच’ उच्चाराला बराच जवळ होता, पण दिसायला विचित्र वाटत होता. शेवटच्या ‘च’चे दुखणे वेगळेच, कारण तो ‘चार’मधला च आहे, ‘चारा’मधला नव्हे, आणि आपल्या लिपीत हा फरक दाखवायची सोय नाही. चार दिवस घालवून मी ‘ग्रबिच’वर थांबलो. कोणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीसाठी इतका खल कशाला; पण ज्या माणसाचे नावच आपण चुकीचे घेतो त्याच्या स्वभावाविषयी पुढे कोणत्या अधिकाराने लिहायचे, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

दुसरा अडथळा देशाचा. ग्रबिच १९७३मध्ये जन्मला तो समाजवादी युगोस्लावियात, झ्रेनयानिन शहरात. त्याचे गाव त्या शहराजवळचे क्लेक. अटलांटा १९९६ आणि सिडनी २००० या दोन ऑलिंपिकमध्ये तो ज्या युगोस्लावियाकडून खेळला तो देश वेगळा होता, कारण मधल्या काळात जुना देश फुटून त्यात फक्त सर्बिया आणि मोंटेनेग्रो उरले होते. २००४च्या अथेन्सला त्याच्या संघाचे नाव सर्बिया आणि मोंटेनेग्रो होते आणि २००८च्या बीजिंगला नुसते सर्बिया. चार ऑलिंपिक, एक खेळाडू आणि तीन नावे. माझ्या पहिल्या तक्त्यात मी सगळीकडे ‘सर्बिया’ असे लिहून टाकले होते, ते साफ चूक होते. दुरुस्ती करताना मला जाणवले की या माणसाच्या कारकिर्दीत आंतरराष्ट्रीय हा शब्द प्रशिक्षक होण्याच्या खूप आधीपासून वेगळ्याच अर्थाने लागू पडतो. तो जागेवर उभा होता आणि राष्ट्रेच त्याच्याभोवती बदलत होती.

त्याच्या खेळाडूपणाच्या काळाविषयी लिहिणे सोपे गेले, कारण तिथे गोष्ट आपोआप उभी राहते. वडील मिलोश ग्रबिच हे १९७५च्या युरोपियन स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या युगोस्लाव संघात होते. थोरला भाऊ व्लादिमीर आणि निकोला दोघे राष्ट्रीय संघात आले. १९९२मध्ये लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे युगोस्लाव संघांना काही वर्षे स्पर्धांबाहेर राहावे लागले, आणि त्यानंतर १९९६मध्ये याच संघाने अटलांटात कांस्यपदक मिळवले. चार वर्षांनी सिडनीत, १ ऑक्टोबर २००० रोजी झालेल्या अंतिम सामन्यात, झोरान गायिच यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी रशियाला सरळ तीन सेटमध्ये हरवले. त्या सामन्यात व्लादिमीरने जाहिरातीच्या फलकांपलीकडे झेप घेऊन चेंडू वाचवल्याचे दृश्य मी आमच्या मुलांना दाखवले, तेव्हा मुले साहजिकच उडी मारणाऱ्याकडे बघत होती. मी त्यांना तीच चित्रफीत पुन्हा लावून सेटरवर नजर ठेवायला सांगितली. सेटरला असा प्रसिद्धीचा क्षण क्वचितच मिळतो. चेंडू मारणाऱ्याला टाळ्या पडतात आणि तो चेंडू तिथे कसा पोहोचला हे फक्त दुसरा सेटर बघतो.

पहिला मसुदा तयार झाला तो असा: जन्म, पदके, इटलीतील क्लब, २००९मध्ये त्रेंतोबरोबर चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, २०१०मध्ये कुनिओबरोबर इटलीचे विजेतेपद, २०१४मध्ये निवृत्ती आणि लगेच पेरुजा क्लबचा प्रशिक्षक, २०१५पासून सर्बियाच्या पुरुष संघाचा प्रशिक्षक, २०१६मध्ये वर्ल्ड लीगचे सुवर्ण, पोलंडमधील झाक्सा या क्लबला २०२१मध्ये चॅम्पियन्स लीग, २०२२पासून पोलंडचा राष्ट्रीय प्रशिक्षक, २०२३मध्ये नेशन्स लीग आणि युरोपियन विजेतेपद, २०२४मध्ये ऑलिंपिक रौप्य. मला स्वतःला तो मसुदा फार आवडला होता. मी तो ज्यांच्या हाताखाली खेळ शिकलो त्या सरांकडे घेऊन गेलो. सर आता ऐंशीच्या घरात आहेत, अंगणात खुर्ची टाकून बसतात. त्यांनी आठही पाने वाचली आणि चष्मा काढून विचारले, “हा माणूस कुठे कुठे जिंकला ते समजलं रे. पण कोच हरल्यावर ओळखू येतो. हा हरलाय का कधी?”

“हरला असेलच की, सर.”

“असेलच म्हणजे? तू लेख लिहितोयस, तुला माहीत पाहिजे.”

मी पाने परत घेऊन घरी आलो. रागही आला होता, कारण सर बरोबर होते.

पुढचे तीन आठवडे मी तोच तक्ता उलट बाजूने वाचायला घेतला, म्हणजे प्रत्येक सुवर्णपदकाच्या शेजारी काय निसटले ते लिहायचे. हे करताना ज्या गोष्टी सापडल्या त्यांनी लेखाचे रूपच पालटले. उदाहरणार्थ, १७ जुलै २०१६ रोजी सर्बियाने पोलंडमधील क्राकुव शहरात ब्राझीलला सरळ सेटमध्ये हरवून वर्ल्ड लीग पहिल्यांदाच जिंकली, हे मी अभिमानाने लिहिले होते. पण त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत रिओ ऑलिंपिक सुरू झाले आणि त्या ऑलिंपिकसाठी सर्बियाचा पुरुष संघ पात्रच ठरलेला नव्हता. पूर्ण ताकदीच्या ब्राझीलला हरवणारा संघ घरी बसून ऑलिंपिक बघत होता, आणि तेच ब्राझील तिथे सुवर्णपदक घेऊन गेले. माझ्या पहिल्या मसुद्यात या दोन ओळी एकत्र आल्याच नव्हत्या.

त्याहून अधिक बोलके वर्ष २०१९ होते. २०१७च्या युरोपियन स्पर्धेत कांस्य आणि २०१८च्या जागतिक स्पर्धेत चौथा क्रमांक अशी वाटचाल केल्यानंतर, ऑगस्ट २०१९मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत सर्बिया इटलीतील बारी येथे यजमानांकडून हरला आणि ग्रबिचने राष्ट्रीय संघाचे पद सोडले. त्याच्या जागी आला स्लोबोदान कोवाच, म्हणजे सिडनीच्या सुवर्णसंघातील त्याचाच सहकारी. आणि सप्टेंबर संपायच्या आत कोवाचच्या मार्गदर्शनाखाली त्याच संघाने पॅरिसमध्ये स्लोव्हेनियाला हरवून युरोपियन अजिंक्यपद मिळवले. हे वाचून मी बराच वेळ वही मिटून बसलो. आपण चार वर्षे घडवलेले पोर दुसऱ्याच्या हाताखाली दीड महिन्यात पहिले येते, याचा अनुभव शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला कधी ना कधी आलेला असतो. बदलीच्या नोकरीत तर हमखास. त्याला काय वाटले असेल हे लिहिण्याचा मोह मी आवरला, कारण ते मला ठाऊक नाही आणि माझ्या बदलीची गोष्ट त्याच्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त दोन्ही महिने एकाखाली एक लिहिले.

पदाशिवाय मात्र तो राहिला नाही. इटलीतील व्हेरोना क्लबचे काम संपवून त्याच वर्षी तो पोलंडमधील केंजेझिन-कोझ्ले या गावाच्या झाक्सा क्लबकडे गेला. आपल्याला वाटते की आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणजे मोठ्या शहरांची मालिका. हे मात्र कारखान्यांचे, मध्यम आकाराचे गाव, साधारण इचलकरंजीच्या वळणाचे म्हणता येईल, जरी तिथे यंत्रमागांऐवजी रसायनांचे कारखाने आहेत. १ मे २०२१ रोजी व्हेरोनातच झालेल्या अंतिम सामन्यात झाक्साने त्रेंतोला ३-१ हरवले, आणि १९७८नंतर प्रथमच पोलंडच्या पुरुष क्लबकडे युरोपातला हा सर्वोच्च करंडक आला. ज्या क्लबकडून आपण बारा वर्षांपूर्वी हाच करंडक जिंकला त्या क्लबला, आपण तीन हंगाम प्रशिक्षक असलेल्या शहरात हरवायचे, हा योग मी मुद्दाम शोधला नव्हता. तक्ता उलटा वाचताना तो आपोआप पुढे आला. उपांत्य फेरीत कझानविरुद्ध दोन सामन्यांत एकेक विजय झाल्यामुळे गोल्डन सेट, म्हणजे निकाल लावणारा जादा पंधरा गुणांचा सेट, खेळावा लागला होता, हेही इथे सांगून टाकतो.

आता पोलंड. या देशाविषयी मला जेवढे लिहायचे होते तेवढी जागा स्मरणिकेत नव्हती. व्हॉलीबॉल तिथे आपल्याकडच्या क्रिकेटच्या जवळपास जाणारे वेड आहे. २०१४च्या जागतिक स्पर्धेचा उद्घाटनाचा सामना वॉर्सातील फुटबॉलच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला होता, आणि समोरचा संघ होता सर्बिया. पोलंडने २०१४ आणि २०१८ ही दोन्ही जगज्जेतेपदे जिंकली. पण ऑलिंपिकमध्ये २००४, २००८, २०१२, २०१६ आणि टोकियो अशा लागोपाठ पाच वेळा हा संघ उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला. १९७६च्या मॉन्ट्रियलच्या सुवर्णानंतर त्यांच्याकडे ऑलिंपिक पदकच नव्हते. २०२२मध्ये ग्रबिचने ज्या संघाची जबाबदारी घेतली तो दुबळा संघ नव्हता. तो सगळे जिंकून एकाच दारात अडखळणारा संघ होता, आणि माझ्या मते दुबळ्या संघापेक्षा असा संघ हाताळणे कठीण असते.

इथे मला उलट्या तक्त्यातील एक जुनी नोंद उपयोगी पडली. सिडनीच्या सुवर्णानंतर ग्रबिच स्वतः आणखी दोन ऑलिंपिक खेळला होता: अथेन्समध्ये रशियाकडून आणि बीजिंगमध्ये अमेरिकेकडून त्याचा संघ हरला, दोन्ही वेळा उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे पोलंडच्या खेळाडूंना जे दार माहीत होते ते त्यालाही आतून माहीत होते. पहिल्या मसुद्यात मी सिडनीनंतर थेट इटलीच्या क्लबांकडे उडी मारली होती, कारण अथेन्स आणि बीजिंगला पदक नव्हते म्हणून ती वर्षे मला दिसलीच नव्हती.

लेखाचा गाभा मग ७ ऑगस्ट २०२४चा उपांत्य सामना झाला. पॅरिसमध्ये उपांत्यपूर्व फेरीत स्लोव्हेनियाला ३-१ हरवून पोलंडने तो जुना उंबरठा ओलांडला होता; आता समोर अमेरिका. हा सामना मी वही घेऊन तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा चेंडू पाहिला, दुसऱ्यांदा सेटर, तिसऱ्यांदा शक्य तितका बाक. पोलंडने पहिला सेट २५-२३ घेतला, दुसरा २५-२७ गमावला आणि तिसरा १४-२५ असा अक्षरशः उधळला. त्यात सेटर मार्चिन यानुश दुखापतीमुळे बाहेर गेला आणि ग्झेगोश वोमाच आत आला. संघ २-१ मागे आणि सामन्याच्या मध्यात बूस्टर बदलायची वेळ आलेली: ज्यांनी ही जागा सांभाळली आहे त्यांना यातली जोखीम समजावून सांगावी लागत नाही, कारण सेटर बदलला की प्रत्येक स्मॅशरला चेंडूची उंची, वेग आणि जाळ्यापासूनचे अंतर पुन्हा नव्याने जुळवावे लागते, आणि ते जुळवायला वेळ तर नसतो. टाइमआउट तीस सेकंदांचा. त्यात ग्रबिच संघाशी इंग्रजीत बोलतो, म्हणजे सर्बियन डोक्यातला विचार तिसऱ्या भाषेतून पोलिश डोक्यांत पोहोचवायचा. आमच्या जिल्हा संघाला मी कोल्हापुरी मराठीत सांगितलेले रत्नागिरीच्या मुलाला कळत नाही म्हणून मी एकदा सामना हरल्याचे कारण पुढे केले होते; ते कारण त्या रात्री मला फारच लंगडे वाटले.

चौथा सेट २५-२३, पाचवा १५-१३. अठ्ठेचाळीस वर्षांनी पोलंडचे पदक निश्चित झाले. मला वोमाचने केलेल्या वाटणीविषयी सविस्तर लिहायचे होते, कोणत्या रोटेशनमध्ये त्याने मधल्या खेळाडूला चेंडू दिला आणि कुठे टाळला हे मी मोजलेही होते, पण ते दीड पान संपादकांनी कापले. वाचकांना एवढा तपशील नको असतो, असे त्यांचे म्हणणे. मी वाद घातला, हरलो. १० ऑगस्टचा अंतिम सामना मात्र मी स्वतःच दोन ओळींत आटोपला: फ्रान्सने तो ३-० असा जिंकला आणि त्याविषयी सांगण्यासारखे फ्रेंच बाजूला जास्त आहे.

दुसरा मसुदा घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी या वेळी वाचायला बराच वेळ घेतला. २०१९च्या परिच्छेदापाशी थांबून म्हणाले, “ह्या कोवाचशी पुढे बोलला का तो?”

“ते मला नाही सापडलं, सर.”

“मग नको लिहूस. पण पोरांना दाखव हे पान.”

छपाईच्या वेळचा एक प्रसंग राहिला. प्रूफ आले तेव्हा लेखात अकरा ठिकाणी ‘सर्बिया’चा ‘सीरिया’ झालेला होता. अक्षरजुळणी करणाऱ्याने बहुधा एक चूक दुरुस्त करताना सगळीकडे एकदम बदल केला असावा. तीन देश बदललेल्या माणसाला माझ्या हातून चौथा मिळता मिळता राहिला. मी लाल शाईने अकराही जागा दुरुस्त केल्या आणि ‘ग्रबिच’चे ‘ग्रॅबिक’ झालेले दोन ठिकाणचे शब्दही सुधारले. एक शब्द मात्र संपादकांनी प्रमाण संज्ञा म्हणून ‘सेटर’ असा बदलला होता, तो मी परत ‘बूस्टर’ केला. त्यांनी समासात प्रश्नचिन्ह काढून विचारले की हा शब्द आता कोण वापरतो. मी त्याखाली सरांचे नाव लिहून प्रूफ परत पाठवले.